रांग एकच, ट्रे एकच. पण ट्रेमध्ये काय आहे?

रविवारची संध्याकाळ. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कोणत्याही उपनगरात स्टेशनबाहेर किंवा मॉलमध्ये डोकावून पाहा. बर्गरच्या दुकानासमोर रांग लागलेली दिसेल. त्या रांगेत बँकेतील साहेब असतो, कॉलेजची मुले असतात आणि मुलाच्या वाढदिवसासाठी महिनाभर पैसे बाजूला टाकलेली आपल्या वस्तीतील माउलीही असते. सर्वांना एकसारखा ट्रे, एकसारखा कागदी पेला. काउंटरवरचा मुलगा कुणाला आडनाव विचारीत नाही.

आजच्या मुलांना यात विशेष काही वाटणार नाही. परंतु घरातील आजी-आजोबांना विचारा. गावच्या चहाच्या दुकानाबाहेर आपली कपबशी वेगळी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाल्यावर ती आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. म्हणूनच भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमात, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जाण्यापासून कोणाही नागरिकाला जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून अडविता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे लागले.

आत जाण्याचा हक्क असा मिळाला. आत गेल्यावर समोर जे ठेवले आहे ते काय आहे, हे विचारण्याचाही हक्क आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो दिला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने कायम ठेवला. पण काचेचे दार, थंड हवा आणि इंग्रजी पाटी पाहिली की आपण तो हक्क दाराबाहेरच ठेवून येतो. म्हणून हा लेख.

विश्वास कसा मिळविला गेला?

मॅकडोनाल्ड्‌स ही अमेरिकन कंपनी ऑक्टोबर १९९६ मध्ये प्रथम दिल्लीत व लगोलग मुंबईत वांद्र्याला आली. पश्चिम भारतातील दुकाने हार्डकॅसल रेस्टॉरंट्‌स या मुंबईच्या कंपनीने चालविली. गोमांस व डुकराचे मांस येथे विकायचे नाही, असे आरंभीच ठरले. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची जागा, भांडी, कामगार वेगळे केले. अंड्याशिवायचे मेयोनीज तयार करविले. चीज बारामतीच्या डेअरीतून, सॅलडची पाने तळेगाव भागातून, टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून अशी साखळी बांधली. हे सारे ग्राहकांचा विश्वास मिळविण्यासाठी होते आणि तो मिळालाही. परंतु एकदा मिळालेला विश्वास कायमचा नसतो. त्याला दोनदा मोठा धक्का बसला.

२००१: ठाण्यातील मोडतोड

पहिला धक्का मे २००१ मधला. कंपनीने १९९० मध्ये अमेरिकेत जाहीर केले होते की, यापुढे बटाट्याचे फ्राइज वनस्पती तेलातच तळले जातील. ते ऐकून तेथील अनेक शाकाहारी व हिंदू कुटुंबे निर्धास्तपणे फ्राइज खाऊ लागली. प्रत्यक्षात बटाट्यांवर कारखान्यातच गोमांसाचा अर्क चवीसाठी लावला जात होता. याविरुद्ध अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे दावा दाखल झाला. ती बातमी भारतात पोहोचताच ठाण्यातील दुकानाची मोडतोड झाली आणि मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसजवळच्या दुकानातील विदूषकाच्या पुतळ्याला शेण फासण्यात आले.

भारतातील फ्राइजमध्ये असा अर्क नसतो, असे कंपनीने सांगितले. येथील नमुने तपासले गेले, तेव्हा त्यांत प्राणिज चरबी आढळली नाही. म्हणजे ठाण्यातील काचा फोडून काही निष्पन्न झाले नाही. जे निष्पन्न झाले ते प्रयोगशाळेत. तिकडे अमेरिकेत मात्र दावा लावणाऱ्यांनी तो तडीस नेला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि १ कोटी डॉलर द्यावयाचे मान्य केले.

यात कोणी काय खावे हा मुद्दाच नव्हता. गोमांस खाणे किंवा न खाणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुद्दा असा की, पदार्थात जे आहे ते ग्राहकाला सांगितले गेले नाही. जो खात नाही त्याला जसा हे जाणण्याचा अधिकार आहे, तसाच तो जो खातो त्यालाही आहे. त्याच वर्षी आपल्याकडे पाकिटबंद मांसाहारी पदार्थांवर तपकिरी ठिपका सक्तीचा झाला व पाठोपाठ शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका आला. पुढे तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला.

चीज की चीजसारखे?

दुसरा धक्का अगदी आपल्या राज्यातला. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मॅकडोनाल्ड्‌सच्या दुकानाची तपासणी केली. ज्या पदार्थांच्या नावात ‘चीज’ आहे, अशा काही पदार्थांत चीजसारखा दिसणारा पर्यायी पदार्थ वापरला जातो आणि ग्राहकाला तशी नीट माहिती दिली जात नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. त्या दुकानाचा परवाना निलंबित करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी देशभर गाजली. कंपनीने काही पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द काढला. ‘चीझी नगेट्‌स’ होते त्यांचे ‘व्हेज नगेट्‌स’ झाले. आपण खरेच चीज वापरतो, असे कंपनीचे म्हणणे होते. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या तपासणीतही तसेच निष्पन्न झाल्याचे तिने पुढे जाहीर केले.

आता हा पर्यायी पदार्थ म्हणजे काय? खरे चीज दुधापासून होते. दुधातील स्निग्धांश किंवा प्रथिने यांच्या जागी पामसारखे वनस्पती तेल, स्टार्च वगैरे घालून तसाच दिसणारा, तसाच वितळणारा पदार्थ बनविता येतो. त्याला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात. तो विष नव्हे. कायद्याने तो विकण्यास बंदीही नाही. अट एवढीच की, त्याला दुधाच्या पदार्थाचे नाव देता येत नाही व तो काय आहे ते ग्राहकाला सांगावे लागते. मूल दूध पीत नाही, निदान चीज तरी खाते, असे समाधान मानणाऱ्या आईला हा फरक कळलाच पाहिजे. तिने पैसे दुधाचे दिले आणि मिळाले तेल, तर ती फसवणूक होय. आपल्या नाक्यावरच्या हॉटेलातील स्वस्त पनीरलाही हाच न्याय लावावा.

डोळ्यांना न दिसणारा धोका

नावात फसवणूक झाली तर पैसे जातात. हाताळणीत हयगय झाली तर जीव जातो. आणि येथे शाकाहारी-मांसाहारी हा भेद कामाचा नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतील ‘जॅक इन द बॉक्स’ या दुकानांच्या साखळीत मांसाच्या टिक्क्या पुरेशा भाजल्या गेल्या नाहीत. त्यांतील ई-कोलाय जंतूंमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले व चार मुले दगावली. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतच मॅकडोनाल्ड्‌सच्या बर्गरमधून तोच जंतू पसरला. १०४ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. या वेळी संशय आला तो मांसावर नव्हे, तर वरून घातलेल्या चिरलेल्या कच्च्या कांद्यावर! ‘व्हेज आहे ना, मग चालेल’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पिढ्यान्‌पिढ्या या देशात अन्नाला कोणाचा हात लागला याची चौकशी झाली. तो हात साबणाने धुतला होता का, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

मोठ्या कंपनीकडे बोट दाखवून आपल्या नाक्याकडे डोळेझाक करणेही बरे नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये गोरेगावात शोर्मा खाऊन डझनभर लोकांना इस्पितळात दाखल करावे लागले. पुढच्याच महिन्यात मानखुर्द-ट्रॉम्बे भागात रस्त्यावरील गाडीचा शोर्मा खाल्ल्यानंतर एकोणीस वर्षांचा तरुण मरण पावला. घरातला कमावता होऊ घातलेला मुलगा असा जाणे म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना सांगावयास नको.

जून २०२४ मध्ये मालाडच्या एका डॉक्टरने मागविलेल्या आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. सगळीकडे किळस व्यक्त झाली. डीएनए तपासणीत ते बोट इंदापूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका कामगाराचे असल्याचे उघड झाले. त्याचे बोट यंत्रात सापडून तुटले होते. किळस आली ती खाणाऱ्याची. बोट गेले ते कामगाराचे. जेथे कामगाराचा हात सुरक्षित नाही, तेथे ग्राहकाचे अन्नही सुरक्षित नसते. अशा दुकानांच्या काउंटरवर व कारखान्यांत आपलीही मुले-मुली कामाला आहेत, म्हणून हे अधिक ठळकपणे सांगावेसे वाटते.

काय पाहावे, काय करावे?

• प्रत्येक परवानाधारक दुकानाला चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असतो. तो भिंतीवर व बिलावर पाहावा. बिल मागून घ्यावे व जपून ठेवावे. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते.

• पदार्थ गरम असेल तर वाफाळता, थंड असेल तर खरोखर थंड हवा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. कोमट झालेले चिकन, मेयोनीज, शोर्मा परत करावा. लाजू नये. घरीही शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये.

• काळे पडलेले, फेसाळणारे, धूर सोडणारे तेल दिसले तर वडा कितीही खमंग असो, पुढे जावे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले तळण घेऊ नये. छपाईची शाई पोटात जाते.

• दहा किंवा अधिक ठिकाणी दुकाने असलेल्या साखळी उपाहारगृहांना जुलै २०२२ पासून मेनूवर उष्मांक देणे सक्तीचे आहे. तो आकडा मुलांना वाचून दाखवावा.

• काही गैर आढळल्यास पदार्थ फेकून न देता झाकून थंड जागी ठेवावा. फोटो काढावा. उलट्या-जुलाब झाल्यास डॉक्टरांची चिठ्ठी तारखेसह घ्यावी. मग अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

• नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही.

• सदोष अन्नामुळे मृत्यू झाला असेल, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ६५ व्या कलमात किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. ही माहिती गरजू घरापर्यंत पोहोचवावी.

शेवटी एकच सांगणे. मुलांना बर्गर देऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. वाढदिवसाला हट्ट पुरवावा. ज्या रांगेत आपल्याला मागे ढकलले जात नाही, तेथे मुलाचा हात धरून ताठ मानेने उभे राहावे. मात्र काउंटरवर पोहोचल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : “यात खरे चीज आहे का?” मागचे लोक चुळबुळ करतील. कदाचित आपला मुलगाच ‘आई, चल ना’ म्हणेल. तरी विचारावा. समाधानकारक उत्तर मिळाले तर घ्यावे, नाही तर बाहेर पडावे. आज लाजणारा तो मुलगा उद्या स्वतः हा प्रश्न विचारील. महिला मंडळांनी आपल्या पुढील बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून एफएसएसएआय क्रमांक कसा ओळखावा ते एकमेकींना दाखवावे, ही विनंती.