सेल्युलर मॉड्यूलमधील पुनरारंभ आणि स्वयं-बंदी

चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातील गिरिस्थान सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसले आहे. पावसाळ्यात तेथील पठार दिवसचे दिवस धुक्याने आच्छादिलेले असते. भोवतालच्या मेळघाटात अरण्य व खोल दऱ्या यांमुळे सेल्युलर संकेत अनेक ठिकाणी क्षीण मिळतो. अशा प्रदेशात स्वयंचलित पर्जन्यमापक उभारल्यास त्याची वाचने केंद्राकडे पाठविण्याचे काम सेल्युलर मॉड्यूलकडे येते. हे मॉड्यूल ऐन अतिवृष्टीत मूक झाले, तर ज्या नोंदीसाठी यंत्र उभारले तीच वेळेवर हाती येत नाही. या मौनाचा उलगडा करण्यासाठी पुनरारंभ व स्वयं-बंदी या दोन क्रियांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

पुनरारंभात, म्हणजेच रीसेटमध्ये, मॉड्यूल आपला कार्यक्रम मुळापासून पुन्हा चालवते, जाळ्यात नव्याने नोंद करते आणि कामास लागते. स्वयं-बंदीचे तसे नाही. विद्युत्‌दाब अथवा तापमान विहित मर्यादेबाहेर गेले की मॉड्यूल स्वतःस बंद करते. उदाहरणार्थ, सिम-९०० या मॉड्यूलमध्ये दाब ३.३ व्होल्टपर्यंत उतरल्यास सूचना मिळते व ३.२ व्होल्टच्या खाली गेल्यास मॉड्यूल बंद होते. घसरत्या दाबावर स्थायी स्मृतीत लेखन होऊन ती भ्रष्ट होऊ नये, हा अशा बंदीचा एक हेतू होय. मात्र दाब पूर्ववत झाला एवढ्याने असे मॉड्यूल जागे होत नाही. त्याच्या चालू-कळीच्या तारेवर नवा स्पंद द्यावा लागतो.

चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी बंदीची कारणे एकत्र येतात. जीएसएम पद्धतीत मॉड्यूल दर ४.६१५ मिलिसेकंदांत केवळ ५७७ मायक्रोसेकंद प्रक्षेपण करते. संकेत क्षीण असता मनोऱ्याच्या आज्ञेने ते पूर्ण शक्तीने, ९०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात सुमारे २ वॅटने, बोलते. त्या क्षणी प्रवाह २ अँपियरपर्यंत चढतो. घट आणि तारा यांचा एकूण रोध ०.३ ओहम असल्यास दाब ०.६ व्होल्टने उतरतो; म्हणजे ३.८ व्होल्टचा घटही क्षणमात्र ३.२ व्होल्टवर येतो. त्यातच धुक्यामुळे सौरपट्टीकडून भरणा अपुरा होतो. साधा व्होल्टमापक सरासरी दाखवीत असल्याने ही क्षणिक घसरण त्यावर दिसत नाही. तिच्यासाठी ऑसिलोस्कोप हवा. चौथ्या पिढीच्या एलटीई पद्धतीत प्रक्षेपणशक्ती सामान्यतः ०.२ वॅटच असते. परंतु मॉड्यूल जीएसएमवर परतले की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

येथे नियंत्रकाच्या रचनेत एक प्रमाद सहज घडतो. उत्तर आले नाही की तो ठरावीक वेळाने रीसेटची आज्ञा देतो. मॉड्यूल बंद असेल तर ही आज्ञा व्यर्थ जाते. त्याऐवजी चालू-कळीचा स्पंद दिला, तरी अनेक मॉड्यूलांत तोच स्पंद बंद करण्याचेही काम करीत असल्याने, केवळ जाळे शोधण्यात गुंतलेले मॉड्यूल बंद पडते. शिवाय प्रत्येक नव्या नोंदणीस शक्ती लागते. वारंवार केलेला पुनरारंभ दुर्बल घटास अधिकच दुर्बल करतो.

म्हणून नियंत्रकाने प्रथम मॉड्यूलच्या स्थितिदर्शक तारेवरून ते चालू आहे की बंद हे पाहावे. बंद असल्यास घटाचा दाब मोजावा आणि तो पुरेसा चढल्यावरच स्पंद द्यावा. चालू असूनही उत्तर नसल्यास काही काळ थांबून प्रथम नियमित आज्ञेने बंद करावे. रीसेटची तार हा शेवटचा उपाय मानावा. दोन प्रयत्नांतील अंतर उत्तरोत्तर वाढवावे आणि तोवरची वाचने नियंत्रकाच्या स्मृतीत राखावीत. मॉड्यूललगत अल्परोधी, मोठ्या धारकतेचा कपॅसिटर व आखूड, जाड तारा योजल्यास मूळ घसरणच कमी होते.

स्वयं-बंदी हा मॉड्यूलचा दोष नव्हे, ती त्याची आत्मरक्षा आहे. ते मौन काही तासांचे ठरेल की तंत्रज्ञ घाट चढून येईपर्यंतचे, हे मात्र नियंत्रकाच्या रचनेवर अवलंबून राहते.