बँड काढा, माइक लावा

टीव्हीवर कायदा समजावून सांगणाऱ्या वकिलाच्या गळ्याकडे एकदा नीट बघा. काळा कोट असतो, पांढरा बँड बहुतेक वेळा नसतो. उकडतंय म्हणून नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे की ठरावीक समारंभ सोडले, तर कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन घालून फिरायचं नाही. तेव्हा स्टुडिओत कुणी पूर्ण गणवेशात बसलेला दिसलाच, तर चर्चा कुठल्याही खटल्यावर चालू असो, पहिला नियमभंग पडद्यावरच झालेला असतो.

याच नियमावलीतला ३६वा नियम आणखी मजेदार. वकिलानं जाहिरात करायची नाही. दारावरची पाटी बेताच्या आकाराची हवी, आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या दाव्यांत हातखंडा आहे, असं तिच्यावर लिहायचं नाही. (पुणेरी पाट्यांच्या शहरात हा नियम फारच जड जात असणार.) स्वतः चालवत असलेल्या खटल्याबद्दल वर्तमानपत्रात शेरेबाजी करून, फोटो छापवून आणून नाव कमवायलाही मनाई. थोडक्यात, एखाद्या प्रकरणावर कॅमेऱ्यासमोर सगळ्यात मोकळेपणानं बोलू शकतो तो ज्याच्याकडे त्यातलं वकीलपत्र नाही असा वकील. चॅनेलवाल्यांना नेमका तोच हवा असतो.

मग वकिलानं टीव्हीवर जावं की नाही? ५१वा नियम सरळ सांगतो, जावं. प्रसारण, पत्रकारिता, व्याख्यानं, अध्यापन, सगळ्याला मुभा आहे. अटी दोनच: जाहिरात व्हायला नको आणि ती पूर्णवेळ पगारी नोकरी व्हायला नको. पूर्णवेळ पगार घ्यायचा तर वकिली थांबवायची.

पहिला मान पुण्याचा

वकिली सोडून भाष्यकार होणं ही टीव्हीची देणगी नव्हेच. साताऱ्यात वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ साली पुण्यात आले ते टिळकांच्या कामाला. काम दुहेरी होतं, टिळकांच्या लॉ क्लासमध्ये हात लावायचा आणि इंग्रजी ‘मराठा’ सांभाळायचा. अशील सुटले ते सुटलेच. पुढे ‘केसरी’चे संपादक आणि साहित्यसम्राट म्हणून केळकर ओळखले गेले. त्यांच्या सनदेची आठवणही आज कुणाला नसते. खुद्द टिळक एलएलबी. कोर्टात वकिली केली नाही, पण वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना कायदा शिकवला आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात वकील न लावता स्वतःचा बचाव स्वतःच केला, तोही दिवसचे दिवस बोलून. आजच्या चर्चेत पाहुण्याला दुसरं वाक्य पुरं करता आलं तरी नशीब.

कायदा शिकवण्याची शहराची हौस पुढे रस्त्याच्या नावापर्यंत पोचली. १९२४ साली सुरू झालेल्या आयएलएस विधी महाविद्यालयावरूनच तो लॉ कॉलेज रोड. तिथून शिकलेले दोघं जण देशाचे सरन्यायाधीश झाले, प्र. बा. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड. त्यातले चंद्रचूड त्या खुर्चीवर सात वर्षांहून अधिक काळ होते. तो विक्रम अजून अबाधित आहे.

नबाम रेबिया कोण?

मराठी टीव्हीवर वकिलांचे दिवस खऱ्या अर्थानं पालटले ते जून २०२२ नंतर. शिवसेना फुटली, सरकार गेलं आणि संध्याकाळच्या बातम्यांत राजकीय विश्लेषकांच्या शेजारी घटनातज्ज्ञांची खिडकी कायमची उघडली. पुण्याचे प्राध्यापक उल्हास बापट घराघरात पोचले ते याच काळात. दोन तृतीयांश आमदार एकदम बाहेर पडायला हवेत, थोडे आज नि थोडे उद्या असं चालत नाही, हा त्यांचा मुद्दा लोकांना पाठ झाला. मानवी हक्कांच्या लढ्यातून आलेले पुण्याचेच असीम सरोदेही पडद्यावर सतत दिसू लागले.

लोकांचा अभ्यासही दांडगा झाला. १९८५ साली घटनेत आलेलं दहावं परिशिष्ट कटिंग चहाबरोबर चर्चेला येऊ लागलं. प्रतोद म्हणजे कोण, व्हिप कुणी काढायचा, यावर कट्ट्यावर हमरीतुमरी होऊ लागली. आणि नबाम रेबिया! हे अरुणाचल प्रदेशच्या विधानसभेचे माजी अध्यक्ष. त्यांच्या नावाचा २०१६ चा निकाल महाराष्ट्रात इतक्या वेळा उच्चारला गेला, की तेवढा त्यांच्या स्वतःच्या राज्यात तरी झाला असेल का, शंकाच आहे. मराठा आरक्षणाच्या निमित्तानं असंच एक नाव आपल्याकडे रुळलं होतं, इंद्रा साहनी. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा १९९२ चा तो निकाल. नाव ऐकून अनेकांना हे कुणी गृहस्थ वाटतात. त्या दिल्लीच्या वकीलबाई आहेत.

योगायोग असा, की सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांच्या कामकाजाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं ते २७ सप्टेंबर २०२२ ला, आणि पहिल्याच दिवशी बोर्डावर आपली शिवसेनेची केस होती. थेट प्रक्षेपणाचा हक्क मिळवून देणारा २०१८ चा निकाल ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो स्वप्निल त्रिपाठी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता. २७ सप्टेंबरला शिवसेनेच्या पीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, ज्यांचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर. म्हणजे पुणे जिल्ह्यातलंच.

आता सगळं थेट दिसतंय म्हटल्यावर समजावणाऱ्याची गरज संपेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. तासन्‌तास इंग्रजीतला युक्तिवाद ऐकून माणूस शेवटी विचारायचा, “पण आज झालं काय?” या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला दिल्लीत उभे असायचे ॲडव्होकेट सिद्धार्थ शिंदे. सर्वोच्च न्यायालयात वकिली करणारे, मूळचे श्रीरामपूरचे, हरितक्रांतीच्या काळात केंद्रात कृषी खात्याचे राज्यमंत्री असलेल्या अण्णासाहेब शिंद्यांचे नातू. कोर्ट उठलं की पुढ्यात माइकांचा जुडगा, आणि हे शांतपणे, आवाज न चढवता सांगणार: कोण काय बोललं, न्यायाधीशांनी काय विचारलं, पुढची तारीख कधी. काहीच घडलं नसेल तर काहीच घडलं नाही असंही सांगणार. माझ्या मते या धंद्यातलं हेच सगळ्यात अवघड काम, कारण ‘आज फक्त तारीख पडली’ यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम होत नाही. १५ सप्टेंबर २०२५ ला हृदयविकारानं ते गेले. वय अवघं ४८. त्यांच्या मागे हळहळले त्यातल्या बहुतेकांनी त्यांना कधी कोर्टात उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

शिवसेनेच्या केसचा निकाल लागला ११ मे २०२३ ला. उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असं पाच न्यायाधीशांनी सांगितलं. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंचे पाहुणे आपणच जिंकल्याचं सांगत होते.

बिर्याणी

कॅमेऱ्याची ताकद ओळखलेले वकील म्हटले की जळगावचे उज्ज्वल निकम आठवणारच. कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता बाइट देणं ही त्यांची खासियत. २६/११ च्या खटल्यात राखीपौर्णिमेच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्या झळकल्या. वारं फिरतंय हे पाहून निकमांनी पत्रकारांना सांगितलं, कसाब मटण बिर्याणी मागतोय. देशभर संताप उसळला. २०१५ साली जयपूरच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की बिर्याणी मागितलीही नव्हती आणि दिलीही नव्हती. तोवर कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्या येरवड्यातच फाशी होऊन गेली होती. बिर्याणीचा किस्सा मात्र अजून हयात आहे. निवडणुका आल्या की कुणीतरी हटकून वाढतोच. निकम २०२४ ला मुंबई उत्तर मध्यमधून लोकसभेला उभे राहिले आणि १६,५१४ मतांनी पडले; पुढच्याच वर्षी राष्ट्रपतीनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेले.

अमेरिकेत हा सगळा बाजार आपल्या खूप आधी भरला. तिथं १९९१ मध्येच ‘कोर्ट टीव्ही’ नावाची अख्खी वाहिनी निघाली. १९९५ च्या ओ. जे. सिम्पसन खटल्यानं ग्रेटा व्हॅन सस्टरन यांच्यासारख्या वकिलांना टीव्हीचे तारे करून टाकलं.

तीनशे शब्द

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि बाल न्याय मंडळानं गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध घातला. शहर पेटून उठलं. त्या आठवड्यात स्टुडिओत बसलेल्या वकिलांची खरी परीक्षा होती, कारण प्रेक्षकाला जे ऐकायचं होतं ते कायदा म्हणत नव्हता. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून उभं करायचं, तर गुन्हा ‘निर्घृण’ हवा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी, पण किमान शिक्षा लिहिलेलीच नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की अशी किमान शिक्षा नसलेले गुन्हे ‘निर्घृण’ ठरत नाहीत. ज्यांनी हे तेव्हाच सांगितलं त्यांना शिव्या पडल्या. जुलै २०२५ मध्ये मंडळानं मुलाला प्रौढ म्हणून उभं करण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

आकडे बदलले

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि सगळ्या कायदेपंडितांची पाठांतरं एका रात्रीत जुनी झाली. खुनाचं ३०२ आता १०३. खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ गेलं १०९ वर. जमावबंदीचं १४४ शेजारच्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. पडद्यावरचे वकील अजूनही जुना आकडा आधी सांगतात, नवा मागाहून. नाहीतर प्रेक्षकाला गुन्हाच कळत नाही. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालंय, पण पेठेतल्या भांडणात कुणी कुणाला ‘तीनशे अठरा’ म्हटल्याचं अजून ऐकलेलं नाही.