नाजूक अक्षर कोठे शोभते?

लग्नपत्रिकेवरील वळणदार, नाजूक अक्षर कोणास आवडत नाही? तिरप्या कापलेल्या बोरूतून उतरणाऱ्या जाड-बारीक रेषांचेच ते अनुकरण होय. राज्यघटनेची मूळ हिंदी प्रतही छापखान्यातील खिळ्यांनी नव्हे, तर वसंत कृष्ण वैद्य यांच्या सुलेखनाने सजली.

परंतु हे अक्षर मोजक्या शब्दांत व मोठ्या आकारातच खुलते. वधूवरांची नावे त्यात अवश्य छापावीत; मुहूर्त व पत्ता मात्र साध्या, ठसठशीत टाइपात असावा. ‘कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली’ हेच पाहा. बारीक आकारात ‘गांधी’वरील अनुस्वार व ‘मार्ग’वरील रफार पुसट होतात. पाहुणा वाट चुकला, तर अक्षता टाकण्याची वेळ टळून जाते.

म्हणून, वाचकहो, छपाईपूर्वी पत्रिकेचे कच्चे मुद्रित घरातील वडीलधाऱ्यांना वाचावयास द्यावे. ते न अडखळता वाचतील, तेच अक्षर सुंदर.