ताजा बर्फ आणि त्याखालचा जुना थर
(लेखमाला : पर्वतातील हिम – लेखांक ६)

हिमवृष्टी थांबून आकाश निवळल्यानंतरचा पहिला दिवस स्कीइंग करणाऱ्यांना सर्वाधिक खुणावतो आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने बहुधा तोच दिवस सर्वाधिक धोक्याचा असतो. हा विरोधाभास काश्मीरमधील गुलमर्ग येथे विशेष तीव्रतेने जाणवतो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील या गावातून निघणारा रोपवे दोन टप्प्यांत अफरवाट शिखराच्या धारेजवळ, ३,९०० मीटरच्याही वर, नेऊन सोडतो आणि तेथून काही पावले चालताच बॅककंट्री सुरू होते. ज्या उतारांवर गस्ती पथक फिरत नाही, ज्यांवरील साचलेला बर्फ स्फोटकांनी आधीच पाडून टाकलेला नसतो आणि ज्यांच्या सुरक्षिततेची हमी कोणतीही यंत्रणा देत नाही, अशा मोकळ्या डोंगरउतारांना बॅककंट्री म्हणतात. तेथे गुडघाभर भुसभुशीत बर्फातून, म्हणजेच पावडरमधून, उतरण्यासाठी जगभरातून लोक येतात.

स्कीइंग करणाऱ्यांचे बळी घेणारी हिमस्खलने बहुतांशी लादीच्या प्रकारची असतात. एकजीव झालेला बर्फाचा थर, म्हणजे लादी, तिच्याखाली एखादा कमकुवत थर आणि पुरेसा उतार या तीन गोष्टी एकत्र आल्या, की सापळा तयार होतो. तो सुटण्यासाठी एका माणसाचे वजन पुरते. कमकुवत थरातील कण एका ठिकाणी चिरडले गेले, की वरची लादी किंचित खाली बसते, त्या बसण्याने शेजारचे कण चिरडतात आणि ही तूट क्षणार्धात उतारभर पसरून संपूर्ण लादी एकाच वेळी सुटते. त्यामुळे माणूस सुटणाऱ्या लादीच्या काठावर नसतो, तर बहुधा मधोमध असतो. आणखी एक गोष्ट येथे ठसवून सांगितली पाहिजे : अशा प्राणघातक घटनांपैकी सुमारे नऊ-दशांश घटनांमध्ये हिमस्खलन बळी पडलेल्या व्यक्तीने किंवा तिच्याच गटातील कोणीतरी सुरू केलेले असते. या धोक्याला निसर्गाचा कोप म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. तो बव्हंशी निवडीचा प्रश्न आहे.

कमकुवत थर कसा तयार होतो, हे समजले की ‘ताजा बर्फ किती पडला’ हा प्रश्न अपुरा का आहे, हे उलगडते. निरभ्र, निवांत रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसासारखे नाजूक स्फटिक उमलतात. ते गोठलेले दहिवरच असते. त्यावर पुढची हिमवृष्टी झाली, की हे स्फटिक उभेच्या उभे गाडले जातात आणि कित्येक आठवडे तसेच राहू शकतात. दुसरा प्रकार अधिक खोलवरचा आहे. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, तर पृष्ठभाग कडाक्याच्या थंडीत फार खाली जातो. बर्फाचा थर पातळ असेल, तर हा सारा फरक थोड्याशा जाडीत सामावतो आणि दर १० सेंटिमीटरला साधारण एक अंशापेक्षा अधिक फरक पडू लागला, की खालून वर जाणाऱ्या बाष्पामुळे कणांचे परस्परांतील बंध झिजून ते टोकदार आणि सुटे होतात. ओंजळीत घेतलेला असा बर्फ जाड साखरेसारखा बोटांमधून ओघळून जातो आणि कितीही दाबला तरी त्याचा गोळा वळत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. नंतर भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांनी फेब्रुवारीत भरपूर बर्फ आणला आणि २२ फेब्रुवारी रोजी अफरवाटच्या पायथ्याकडील खिलनमर्ग परिसरात झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, याच डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू मरण पावले होते. २०२४ च्या त्या दिवशी नेमका कोणता थर तुटला, याचा निवाडा दूर बसून करू नये; परंतु कोरडा, थंड, तुटपुंज्या बर्फाचा काळ आणि त्यामागोमाग दमदार हिमवृष्टी हा क्रम जगातील कोणत्याही पर्वतात सावध होण्यास पुरेसा आहे.

नव्या बर्फाचे ओझे डोळ्यांना भासते त्यापेक्षा फार मोठे असते. ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले, तर ३० सेंटिमीटर थराचा भार प्रत्येक चौरस मीटरवर ३० किलो होतो आणि १०० मीटर लांब व ५० मीटर रुंद अशा लहानशा उतारावर तो १५० टनांवर जातो. यात वाऱ्याची भर पडते. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो आणि तेथील साठा आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कैकपट वेगाने वाढवू शकतो. पश्चिमेचा वारा असेल, तर अफरवाटच्या धारेखालील गुलमर्गकडचे पूर्वाभिमुख उतार असे भरतात. शिवाय वाऱ्याने आपटून बारीक झालेले कण घट्ट बसत असल्यामुळे तेथे आपोआप लादी तयार होते. म्हणून गावात किती इंच बर्फ पडला, या आकड्यावरून वरच्या उताराचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

उताराच्या कोनाबाबत सर्वसाधारण समजूत चुकीची असते. सह्याद्रीत कडा जितका सरळसोट तितका धोका अधिक, हे अनुभवाने ठाऊक असते. बर्फात मात्र अतितीव्र उतारावर साठाच फारसा होत नाही, कारण तेथून बर्फ थोडा थोडा घसरत राहतो. लादीची बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास त्यांची दाटी असते. स्कीइंगचा आनंद नेमका याच उतारांवर सर्वाधिक मिळतो. कोन मोजण्यासाठी खिशात मावणारे उतारमापक यंत्र पुरते. मात्र पायाखालचा उतार सौम्य असणे पुरेसे नाही, कारण वर जोडलेला तीव्र उतार खालून चालणाऱ्याच्या वजनानेही सुटू शकतो.

बर्फ स्वतःही काही इशारे देतो. पाऊल टाकताच आतून घुमल्यासारखा ‘व्हुम्फ’ असा आवाज येणे, म्हणजे पायाखालचा कमकुवत थर त्याच क्षणी बसला; हे सपाटीवर घडले, तर केवळ आवाजावर निभावते. स्कीच्या टोकापासून तडा सुटून काही मीटर पुढे धावणे किंवा शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, हेही तितकेच निःसंदिग्ध आहे. याखेरीज खड्डा खणून केली जाणारी एक चाचणी आहे. तिच्यात ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा स्तंभ मोकळा कापून त्याच्या एका टोकावर फावडे ठेवतात आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा व खांद्यातून दहा थापा मारतात. तूट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार धावली, तर तो उतार सोडावा. ती धावली नाही, तर काय? येथेच अनेकांची गफलत होते. वाईट निकाल हा पुरावा असतो. चांगला निकाल केवळ त्या एका खड्ड्यापुरता असतो, कारण दहा मीटरवर खडकाभोवती बर्फ पातळ असेल, तर तेथील थर अगदी वेगळा निघू शकतो. आधी गेलेल्यांच्या स्कीच्या खुणांचेही तेच. पाच जण सुखरूप उतरलेल्या उतारावर सहाव्याखाली लादी सुटल्याची उदाहरणे आहेत.

माहिती असूनही निर्णय का चुकतात, याचा शोध इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतील ७१५ अपघातांच्या नोंदींवरून घेतला आणि २००४ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ओळखीचा प्रदेश, इतरांची उपस्थिती आणि अस्पर्श उतारावर पहिला माग आपला असावा ही ओढ, या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. प्रशिक्षण घेतलेले गटही परिचित उतारांवर अधिक धाडस करत असल्याचे त्यात आढळले. म्हणून रोजच्या धोकासूचनेतील पाच पातळ्यांपैकी तिसरी, म्हणजे लक्षणीय धोक्याची, पातळी ‘मधली’ म्हणून हलक्यात घेतली जाते, हे विशेष चिंताजनक आहे. अनेक देशांत सर्वाधिक मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात.

या साऱ्याचा विचार करता, बर्फाच्या मनात काय आहे हे ओळखण्यापेक्षा उताराची निवड बदलणे अधिक भरवशाचे ठरते. केवळ ताज्या बर्फातील अस्थिरता पुष्कळदा एक-दोन दिवसांत ओसरते. गाडले गेलेले दहिवर किंवा सुटे कण मात्र इतक्यात बांधले जात नाहीत, त्यामुळे कॅलेंडरवर दिवस मोजून तीव्र उताराकडे वळणे योग्य नव्हे. अशा काळात ३० अंशांपेक्षा सौम्य आणि वर तीव्र उताराची टांगती तलवार नसलेल्या जागा निवडाव्यात. गुलमर्गच्या खालच्या अंगाला बाबा रेशीच्या दिशेने उतरणाऱ्या दाट जंगलांत अशा जागा सापडतात, अर्थात तेथेही ओढ्यांच्या घळी टाळून आणि कोन मोजूनच. पावडर तेथेही पडलेली असते.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत कसे शोधतात, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.