गळाला काय लागलं, ते लिहून ठेवा

पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत. पाण्याचे नमुने तपासणीला जातात, काही दिवस संताप होतो. पण त्याआधी नदीत कोणते मासे किती होते हेच ठाऊक नसेल, तर नुकसान मोजायचं कसं?

वाहत्या, गढूळ नदीतले मासे मोजणं महाकठीण. युरोप-अमेरिकेत ट्राउट माशांच्या नद्यांवर त्यासाठी गळवाल्यांचीच मदत घेतात. पाहणी करणारा काठावर जाऊन विचारतो: किती वेळ बसलात, गळ किती, आमिष कोणतं, काय लागलं, किती परत सोडलं? मासा पट्टीवर आडवा ठेवून लांबी घेतो. एकूण माशांना एकूण तासांनी भागलं की तासाला किती मासे लागतात ते कळतं. हाच हिशेब वर्षानुवर्षं ठेवला की नदीची तब्येत उमगते.

आपल्याकडचं बोलकं उदाहरण कावेरीचं. कर्नाटकातल्या गलिबोरे इथल्या शिबिरात हौशी गळवाले महसीर पकडून, वजन करून परत सोडत. १९९८ ते २०१२ या काळातल्या तिथल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. सुमारे २३,६०० तासांची गळटाकणी आणि सहा हजारांवर महसीर! तासाला लागणारे मासे वाढत गेले होते. नुसता हा आकडा पाहिला असता तर सगळे खूश झाले असते. पण वह्यांत वजन आणि माशाचा प्रकारही होता. सरासरी वजन घटत होतं आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याची जागा घेतली होती निळसर परांच्या महसीराने. हा मासा आपला, कृष्णा खोऱ्यातला. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार झाली आणि चांगल्या हेतूनेच कावेरीत सोडली गेली. कावेरीचा तो मूळ मासा आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

गळवाल्यांच्या नोंदींवरून मोजण्याच्या या पद्धतीत एक धोका आहे. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की मासे डोहांत गोळा होतात. तिथे गळ टाकणाऱ्याला भरपूर मासे लागतात आणि नदी भरलेली वाटते. प्रत्यक्षात उरलेसुरले सगळे एकाच जागी आलेले असतात. म्हणून जागा, महिना आणि पाण्याची पातळी लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकाम्या हाताने परतल्याची नोंद. मोठी मरळ लागली की गावभर होते. चार तास बसून काहीच लागलं नाही, हे कोणी सांगत नाही. शास्त्राला दोन्ही दिवस सारखेच मोलाचे.

उदगाव, नृसिंहवाडी, कुरुंदवाडच्या काठावर गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून बसणाऱ्यांना वाम, मरळ, रोहू आणि बाहेरून आलेली चिलापी नजरेनेच ओळखता येते. हे ज्ञान कागदावर यायला हवं. जयसिंगपूर परिसरातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वही आणि मोजपट्टी घेऊन त्यांच्याशेजारी बसावं. आणि गळवाल्यांनो, तुम्ही तोवर थांबू नका. तारीख, जागा, तास, मासा, लांबी एवढं आजपासून लिहा. काही लागलं नाही, तर शून्य लिहा.