वडिलांचं राहिलेलं पदक : हक्क, नोंद आणि मान

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत लष्करी पदकांचा विषय कसा आला, असं दोघातिघांनी आल्याआल्याच विचारलं. त्याचं कारण साधं आहे. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे अडलेले प्रश्न घेऊन येतात, आणि त्यातला एक प्रश्न वारंवार येतो. वडील फौजेत होते, लढाईच्या काळात होते, वारले. त्यांची मेडल्स मिळायची राहिली आहेत. आता आपण ती मागावीत का? की मागणं म्हणजे वडिलांच्या नावावर आपली हौस भागवणं?

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड या भागांत हा प्रश्न घरोघरी आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या 25 लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपलं, माणसं भराभर घरी पाठवली गेली, आणि पदकं तयार होऊन वाटपाला आली तोवर यातले कितीतरी जण गिरणीत, शेतावर, रेल्वेत पांगले होते. पुढच्या युद्धांतही थोड्याफार फरकानं हेच झालं. पदक जाहीर होणं, ते पाडलं जाणं आणि माणसाच्या हातात पडणं या तीन गोष्टींत वर्षं जातात. दरम्यान माणूस नोकरी सोडतो, पत्ता बदलतो, आणि तुमच्यात कोणी सरकारी नोकरी केली असेल तर पुढचं मला सांगायला नको.

आता एक भेद आधी स्पष्ट करून घेऊ. इथे गल्लत झाली की पुढचा सगळा पत्रव्यवहार वाया जातो. पदकं दोन जातींची असतात. एक शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक वगैरे. दुसरी सेवेची आणि मोहिमेची. महायुद्धातला बर्मा स्टार, इटली स्टार. 1947-48 च्या काश्मीर लढाईसाठी जनरल सर्व्हिस मेडल, त्यावर ‘जम्मू अँड काश्मीर’ अशी पट्टी. 1965 साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. 1971 साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल.

दोन्हींना आपण मेडलच म्हणतो, पण तर्कदृष्ट्या ती अगदी वेगळी आहेत. शौर्यपदक हा एक निर्णय असतो. कोणीतरी पाहिलं, वरिष्ठानं शिफारस लिहिली, ती पायरीपायरीनं वर गेली, तुलना झाली आणि कोणीतरी ‘होय’ म्हटलं. ते ‘होय’ म्हटलंच गेलं नसेल तर तुमच्या वडिलांचं पदक ‘राहिलेलं’ नाही. ते जन्मालाच आलेलं नाही. मोहीम पदकाचं तसं नाही. अमुक काळात, अमुक टापूत, अमुक तुकडीबरोबर हा माणूस होता, एवढंच तिथे विचारतात. गोळी झाडली का, घाबरला का, हे कोणी विचारत नाही. म्हणजे अट पुरी झाली त्या दिवशी हक्क तयार झाला, द्यायचं तेवढं राहिलं. ही थकबाकी आहे. थकबाकी मागायला लाजायचं कारण नाही, आणि ती मागताना ‘कृपा करून’ हे शब्दही फार वेळा लिहायची गरज नाही. मी अर्ज तपासून देतो तेव्हा पहिल्यांदा ‘कृपा’ खोडतो.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं उदाहरण सांगतो. त्यांच्या संमतीनं सांगतोय, गावाचं नाव मात्र नको. वडील पायदळात होते. 1965 मध्ये होते, 1971 मध्येही होते. 1972 चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. घरी म्हातारे आईवडील, विहीर आटलेली, म्हणून 1973 मध्ये स्वतः अर्ज करून ते फौज सोडून आले. पंधरा वर्षं भरली नव्हती, त्यामुळे पेन्शन नाही. डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात 1965 ची दोन लिहिलेली, 1971 चं काहीच नाही. ते जन्मभर सांगत, ‘मी ढाक्यापर्यंत गेलो होतो’. ते गेल्यावर मुलीनं पेटी उघडली, आणि तिथून हा उद्योग सुरू झाला.

अर्ज जातो तो त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. गावाकडच्या माणसानं आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिथे पत्ता, नमुना आणि पुढे पाठवायचं पत्र या गोष्टींना मदत होते. सैनिक नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरती आणि सुटल्याची तारीख एवढं असेल तर निम्मं काम झालं. नाव मात्र फौजेत लागलं होतं तसंच लिहायचं. भरतीच्या वेळी कारकुनानं ‘पांडुरंग’चं ‘पांडू’ केलं असेल तर अर्जातही पांडूच, आणि पुढे खुलासा. आपल्याकडे पुष्कळ अर्ज शौर्यावर नाही, स्पेलिंगवर अडतात.

बाईंना उत्तर आलं की वडिलांची कागदपत्रं नष्ट झाली आहेत. त्या हादरल्या. वास्तविक यात काही काळंबेरं नव्हतं. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवेची कागदपत्रं नियमानं 25 वर्षं ठेवतात, मग काढून टाकतात. पेन्शनरांची अधिक काळ राहतात. पण एक वही कायमची ठेवलेली असते, तिला ‘लाँग रोल’ म्हणतात. त्यात प्रत्येक माणसाची थोडक्यात नोंद असते. म्हणून ‘कागद नाहीत’ असं उत्तर आलं की थांबायचं नाही. ‘लाँग रोलमधल्या नोंदीचा उतारा द्यावा’ असं पुढचं पत्र टाकायचं. माहितीच्या अधिकारात विचारलं तर दहा रुपये शुल्क आणि सर्वसाधारण मुदत 30 दिवस.

इथे मला आपल्या जुन्या मीमांसकांची आठवण होते. कुमारिल भट्टांची परंपरा ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानते. एखादी गोष्ट दिसत नाही, यावरून ती नाही असं कळतं. नैयायिक म्हणतात, त्यासाठी वेगळं प्रमाण कशाला? तो वाद आज बाजूला ठेवू. पण मीमांसकांनी एक अट घातली आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. उजेडात, मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हीच कसोटी रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तराला लावा. जी कागदपत्रं 25 वर्षांनी काढून टाकायचीच होती, त्यात वडिलांची नोंद सापडत नाही म्हणजे अंधारात घडा दिसला नाही. त्यावरून ‘ते तिथे नव्हते’ असा निष्कर्ष निघत नाही. पण कायम ठेवायच्या वहीत त्या काळात वेगळीच तुकडी लिहिलेली असेल, तर तो उजेड आहे. मग वडिलांच्या तोंडच्या गोष्टीपेक्षा वहीला अधिक वजन द्यावं लागतं. मुलांना हे जड जातं, मला कळतं. वडील हे आपलं पहिलं शब्दप्रमाण असतात.

बाईंच्या बाबतीत लाँग रोलनं अर्धं काम केलं. डिसेंबर 1971 मध्ये ते सेवेत होते हे निश्चित झालं आणि संग्राम मेडलचा हक्क मान्य झाला. ते त्या युद्धाच्या काळात सेवेत असलेल्यांसाठीच आहे. पूर्वी स्टारसाठी मात्र पूर्वेच्या मोहिमेत प्रत्यक्ष असल्याचा पुरावा हवा होता. तो सापडला आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत. नवऱ्याचं पत्र. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तुकडीचं नाव आणि ‘99 एपीओ’. फौजेतल्या मंडळींना हे लगेच कळेल: पश्चिमेकडच्या तुकड्यांची टपाल 56 एपीओवरून जाते, पूर्वेकडच्यांची 99 एपीओवरून. तारीखही वाचता येण्यासारखी होती.

पण त्या पत्रात दुसरीही एक गोष्ट होती. नवऱ्यानं बायकोला लिहिलं होतं की काळजी करू नको, मी पुढे नाही, मागे सामानाबरोबर आहे. म्हणजे ढाका? ढाक्याचा उल्लेखच नाही. बाई पत्र घेऊन माझ्याकडे आल्या त्या पुराव्यासाठी नव्हे. त्यांनी विचारलं, ‘सर, हे पत्र जोडलं तर बाबा खोटं बोलत होते असं लेखी होईल ना?’

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बायकोला धीर देण्यासाठी पुढे असलेला माणूसही ‘मी मागे आहे’ असं लिहू शकतो. पत्र हा पुरावा आहे, पण कशाचा पुरावा आहे हे तपासून घ्यावं लागतं. पत्ता आणि तारीख टपालखात्याची, मजकूर नवऱ्याचा. दुसरी, पूर्वी स्टार ढाक्याला जाण्यासाठी नाहीच. ठरलेल्या टापूत तुकडीबरोबर असणं पुरे, मग ते सामानाबरोबर का असेना. आपण मागतोय ते झालेल्या गोष्टीबद्दल. तुम्ही ढाक्याचं नाव अर्जात घालू नका, आणि पत्र जोडा. त्यांनी जोडलं. संग्राम मेडल आलं; पूर्वी स्टारचं अजून चालू आहे.

आईची सही लागते, हे सांगायचं राहिलं. पत्नी हयात असेल तर पहिला हक्क तिचा, मुलांचा नंतर. भावंडांत कोणाकडे पदक राहणार हे अर्जाआधी ठरवा, आणि लिहून ठेवा. जमिनीवरून फुटलेली घरं मी पाहिली आहेत, पदकावरून फुटलेलंही एक पाहिलं आहे.

आता शौर्यपदकाकडे येतो. ‘बाबांनी जे केलं त्याला वीर चक्रच मिळायला हवं होतं’ असं सांगणारी मुलं येतात. त्यांचं म्हणणं खरंही असेल. पण जो निर्णय झालाच नाही तो पन्नास वर्षांनी कसा करणार? साक्षीदार गेले, शिफारस करणारा अधिकारी गेला, आणि तुलना कोणाशी करायची? ब्रिटनमध्ये तर धोरणच आहे की पाच वर्षांहून जुन्या घटनेसाठी नव्यानं शौर्यपदकाचा विचार करायचा नाही. ऐकायला निष्ठुर वाटतं. मला ते बऱ्याच अंशी न्याय्य वाटतं, कारण नाहीतर ज्यांची मुलं शिकलेली आणि चिकाटीची त्यांचेच बाप शूर ठरतील.

मात्र याला एक अपवाद मी मानतो. मोजायचा तराजूच खोटा होता असं दाखवता आलं तर. अमेरिकेत तसं झालं. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला तिथलं सर्वोच्च मेडल ऑफ ऑनर मिळालं नव्हतं. पुढे फेरतपासणी झाली आणि जानेवारी 1997 मध्ये सात जणांना ते देण्यात आलं. सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर जिवंत होते. पाठोपाठ 2000 साली आशियाई वंशाच्या 22 जणांना मिळालं, बहुतेक जपानी वंशाच्या 442 व्या रेजिमेंटचे. तिथे ‘माझे वडील शूर होते’ एवढाच दावा नव्हता. ‘आमच्या माणसांना मोजतच नव्हते’ हा दावा होता. आपल्याकडेही 1911 पर्यंत हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्रच नव्हता. पात्र झाल्यावर 1914 मध्ये खुदादाद खान यांनी तो मिळवला. त्यापूर्वी असं शौर्य नव्हतं, असं कोण म्हणेल?

आणि उशीर झाला म्हणून मान कमी होतो, हेही खरं नाही. परमवीर चक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 ची, पण अंमल 15 ऑगस्ट 1947 पासून. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली, तेव्हा ते चक्र अस्तित्वातच नव्हतं. राज्यसंस्थेला मागे जाऊन द्यायचं असतं तेव्हा ती मागे जाऊ शकते.

राहिला तो अवघड प्रश्न: मेलेल्याला काय त्याचं? ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात यात अडकतो. वंशजांच्या बऱ्यावाईटाचा मृताला काही स्पर्श होतो का? होत असेल तर अगदी पुसट, असं काहीसं तो म्हणतो. चार्वाक तर श्राद्धाचीच थट्टा करतो. मला वाटतं प्रश्न उलटा धरला पाहिजे. ॲरिस्टॉटलच तिथे आणखी एक गोष्ट सांगतो, मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो. तसं असेल तर न दिलेलं पदक हा देणाऱ्याच्या हिशेबातला दोष आहे. घेणारा गेला म्हणून देणेकऱ्याचं देणं फिटत नाही. उसनवारीत आपण हे मान्य करतो, इथे का करू नये? त्या बाईंच्या आईनं मेडल हातात घेऊन एवढंच म्हटलं, ‘हे असताना दिलं असतं तर?’ याला माझ्याकडे उत्तर नाही, ॲरिस्टॉटलकडेही नाही.

जाता जाता थोडं व्यवहाराचं. जुन्या बाजारात पदकं मिळतात, काही जण तिथून विकत घेऊन फ्रेम करतात. करू नका. महायुद्धातली ब्रिटिश पदकं बहुधा नाव न कोरताच दिली गेली, त्यामुळे विकत घेतलेलं आणि मिळालेलं यात फरक दाखवता येत नाही, आणि खरा अर्ज केलात तर तुमचाच घोटाळा होतो. वडिलांना शिस्तभंगावरून बडतर्फ केलं असेल तर पदकं जप्त झालेली असू शकतात. तेही आधी विचारून घ्या. अर्ज नाकारला गेला तर लेखी कारण मागा. त्यानंतर 2007 च्या कायद्यानं झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. पदक मिळालं आणि स्मारकाच्या कार्यक्रमाला लावून जायचं असेल तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची. आणि मूळ डिस्चार्ज बुक, मूळ पत्रं टपालानं पाठवू नका, साक्षांकित प्रतीच पाठवा. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या आजोबांचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.