अभ्यास आणि वैराग्य : मनःशांतीचे दोन आधार

मन ताब्यात कसे आणायचे, या प्रश्नाला हिंदू विचारपरंपरेने दुहेरी उत्तर दिले आहे. वैराग्य मनाची ओढ कमी करते आणि अभ्यास त्याला एका जागी टिकवतो. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे अनावर असल्याची तक्रार अर्जुन करतो, तेव्हा श्रीकृष्ण हेच दोन उपाय सांगतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही चित्तवृत्तींच्या निरोधासाठी हीच जोडी येते.

या विचाराचे जुने रूप कठोपनिषदात आहे. तिथे शरीर रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. घोडे उधळले तर रथ भरकटतो. पण घोड्यांवाचून रथ चालतही नाही. म्हणून इंद्रियांना मारायचे नसून वळण लावायचे असते. गीतेचा दुसरा अध्याय घसरणीच्या पायऱ्या क्रमाने दाखवतो : विषयांचे चिंतन, आसक्ती, कामना, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. आवर घालायचा तो पहिल्याच पायरीवर.

पतंजलींच्या मते दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम आणि शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम हा त्याचा पाया. गीता तर आसनाचाही तपशील देते : जागा स्वच्छ, बैठक फार उंच नाही की फार सखल नाही. अति खाणे आणि उपाशी राहणे, अति झोप आणि जागरण, ही दोन्ही टोके ती नाकारते. शांकर वेदान्तात विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व ही ज्ञानाची पूर्वतयारी मानली जाते.

वैराग्य म्हणजे घर सोडणे की आसक्ती सोडणे, यावर मतभेद राहिले. शंकराचार्यांनी संन्यासाला मोठे स्थान दिले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी फलाशा सोडून केलेल्या कर्माचा पक्ष मांडला. पैठणच्या एकनाथांनी प्रपंचात राहूनच परमार्थ साधला. वारकरी संप्रदायाने हीच शिस्त घरोघरी नेली : गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, हरिपाठ आणि नेमाची वारी. शेती, संसार सांभाळून पाळता येईल असा हा नेम आहे.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एकाग्रतेसाठी जीवनात परिमितता हवी, यावर भर दिला. वैराग्याविना अभ्यास कोरडी कसरत ठरतो आणि अभ्यासाविना वैराग्य चार दिवसांत ओसरते. म्हणूनच परंपरेने ही जोडी फोडली नाही.